पोर्तुगालवाला हारला जी

मोहाडीत आमच्या शेजारच्या मुरलीकाकांचा हातमाग सकाळी खटखटला नाही, की आम्ही समजायचं, पोर्तुगालवाला हरला.

पोर्तुगालवाला म्हणजे त्या देशाचा एक टेनिसपटू. मोठमोठ्या स्पर्धांत जायचा आणि बहुधा दुसऱ्या फेरीत घरी परतायचा. आमच्या गल्लीत रॅकेट कुणी हातात धरलेली नाही. पण सत्तरीचे कोष्टी काका मोबाईलवर त्याची प्रत्येक मॅच डोळ्यांत तेल घालून बघत. साडी न्यायला आलेल्या बाईला सरळ सांगत, "पोर्तुगालवाला हारला जी. उद्या या."

"तुमच्या साडीचा अन् त्याचा काय संबंध?" मी एकदा विचारलं.

"हात चालत नाही नं, मास्तर!"

टेनिस त्यांना मागावरूनच कळलं होतं. चेंडू म्हणजे धोटा, सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा. "धोटा दोन्हीकडून गेला पायजे. एकाच बाजूनं फेकून कापड होत नाही," हे त्यांचं पालुपद. नवरा-बायकोचं भांडण असो की नगरपंचायतीचं, निकाल हाच. पोर्तुगालवाल्याची पाठ धरली, तेव्हा काका कोष्ट्यांच्या चौंडेश्वरी देवीला नवस बोलले. तो बरा होऊन पुन्हा हरला, तरी काकांनी नारळ मात्र फोडला.

यंदा तो निवृत्त झाला. माग आठवडाभर गप्प. शेवटी मीच गेलो. काका मोबाईल मांडीवर ठेवून बसले होते.

"आता घरी राहीन तो," काका म्हणाले. "त्याच्या बापाले बरं झालं."

मग हळूहळू सगळं सांगितलं. माग नको म्हणून भांडून गेलेला त्यांचा मुलगा दिनेश लिस्बनच्या हॉटेलात स्वयंपाकी आहे. दोन वर्षं बापलेकांचा अबोला होता. एक दिवस अचानक त्याचा फोन आला, "बाबा, इथला एक जण टेनिस खेळून राहिला होता. पाहिलं काय?" काकांनी टेनिस जन्मात पाहिलं नव्हतं. "पाहिलं नं!" म्हणाले. तेव्हापासून मॅच संपली की दिनेशचा फोन. पोर्तुगालवाला जिंकला, तर एक-दोन दिवसांत पुन्हा. हरला, तर पुढच्या स्पर्धेपर्यंत वाट बघायची.

"आता कायले करन तो फोन?"

इतकी वर्षं मी या माणसाची थट्टा केली होती.

"तुम्ही लावा ना, काका."

"अन् बोलू काय? मॅच तं नाही."

"धोटा दोन्हीकडून गेला पाहिजे, म्हणता ना?"

काकांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. माझ्याच शब्दांत मला पकडतो काय, असा तो राग. मग चष्मा पुसला, फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"बाबा? काय झालं? तब्येत बरी हाय नं?"

काकांनी घसा खाकरला.

"बरी हाय. दिन्या, दुसरा कोणता खेळ पाहतं का रे तू? कोणता बी सांग. मी पाहीन."