माईकचं तोंड कुठं?

मुरुम गावच्या अभ्यासिकेतल्या मुलांसाठी ध्वनी या विषयावर वीस मिनिटं बोलायचं मी कबूल केलं, तेव्हा फक्त बोलायचंच आहे असा माझा समज होता. अभ्यासिका चालवणारा अरफात माझा जुना विद्यार्थी. घरीच रेकॉर्ड करून पाठवा, रविवारी सकाळी ऐकवतो, असं तो म्हणाला. मुलं शेवटपर्यंत बसली तर दर रविवारी एक व्याख्यान. उठून गेली तर मग बाजारातले तयार व्हिडिओ. मला निवृत्त होऊन बारा वर्षं झाली आहेत. माझं कुणी शेवटपर्यंत ऐकलं, त्याला त्याहून जास्त. म्हणून मी कंडेन्सर माईक मागवला.

माझी पीएच.डी. ध्वनिशास्त्रातली आहे. (ही बढाई नाही, कबुलीजबाब आहे.)

आमच्या घरात कुठलीही नवी वस्तू कुंकू लावल्याशिवाय वापरात येत नाही. माझ्या दातांच्या कवळीलाही बायकोनं, सत्यभामेनं, ते लावलं होतं. मी धुवून बसवली. माईकलाही तिनं अंगठ्यानं ठसठशीत कुंकू लावलं. कुंकवाची बाजू माझ्याकडे करून मी माईक टेबलावर उभा केला. पलीकडं स्वयंपाकघराचं उघडं दार.

माईकची वायर सोबत आलेल्या डबीला आणि डबीची संगणकाला जोडली. सात वेळा ‘हॅलो’ म्हणालो, तीन वेगवेगळ्या सुरांत. संगणक ढिम्म. आधी वायरवर संशय घेतला, मग संगणकावर, मग पदवीवर. शेवटी अरफातला फोन केला. मधल्या डबीवरचं ‘४८’ लिहिलेलं बटण दाबलं का, त्यानं विचारलं. माईकला अठ्ठेचाळीस व्होल्ट देणारं तेवढंच बटण मी दोन दिवस टाळत होतो. एवढ्या व्होल्टनं माणसाला काही होत नाही, हे मी एकतीस वर्षं शिकवलं. स्वतः दाबताना रबरी चप्पल घातली.

लाल दिवा लागला, पण आवाज नाही. मग शोध लागला की संगणक अजून कॅमेऱ्यातल्या बंद पडलेल्या बारक्या माईकलाच कान लावून बसलाय. यादीतून नवा माईक निवडला आणि पडद्यावरची हिरवी रेघ हलली! मी बोलताना ती जेमतेम थरथरायची आणि गप्प बसलो की उसळायची. शास्त्रज्ञानं इथं थांबून विचार करायला हवा होता. पण रेघ हलतेय याच आनंदात मी वीस मिनिटं बोललो आणि न ऐकताच पाठवून दिलं. (रेकॉर्डिंगमधला माझा आवाज मला आरोपीसारखा वाटतो.)

रविवारी अरफातचा फोन आला.

“बसली का मुलं?”

“एक पण उठलं न्हाय, सर. पुन्हा लावा म्हणायलेत.”

डोळ्यांत पाणी आलं. कुठला भाग आवडला, मी विचारलं.

“माठाचा.”

माझ्या व्याख्यानात माठ नव्हता. मी घाईनं रेकॉर्डिंग लावलं. सत्यभामेचा आवाज आला, कानाशी बसून बोलावं इतका स्वच्छ. शेजारच्या सकिनाबी नवा माठ दाखवायला आल्या होत्या.

“बोटानं वाजवून बघा. टणटण वाजला तर चांगला. बद्द वाजला म्हंजे चीर हाय. चिरेपाशी आवाज अडकतो, पुढं जात न्हाय.”

“अन् सर काय करायलेत, भाभी?”

“त्या नळकांड्यासंगं बोलायलेत. सकाळधरनं. अजून त्यानं उत्तर दिलं न्हाय.”

या सगळ्याच्या मागं कुणीतरी दूरवर पुटपुटत होतं. ते मी होतो.

माईक हातात घेऊन फिरवला. कंपनीचं नाव पलीकडच्या बाजूला होतं आणि तेच त्याचं तोंड. हा माईक समोरून ऐकतो आणि पाठीमागचं बहुतेक सोडून देतो.

“कुंकू मागं का लावलंस?” मी विचारलं.

“नाव झाकलं असतं की. तुमाला कुणी सांगितलं मागं बसायला?”

देवासमोर बसावं तसा मी कुंकवासमोर बसलो होतो, एवढंच.

चुकून दुसरंच रेकॉर्ड झालं, उद्या खरं व्याख्यान पाठवतो, असं मी अरफातला कळवलं. तो म्हणाला,

“सर, मुलांनी घरी जाऊन माठ वाजवून बघितले. तीन घरांत चिरा सापडल्या. पुढच्या रविवारी काकूंनी तव्याबद्दल सांगावं म्हणतेत.”

“आणि मागं पुटपुटणारा माणूस?”

“त्याचं कुणी विचारलं न्हाय. मुलांना वाटलं, घरात पूजा चाललीय.”

संध्याकाळी त्यानं अभ्यासिकेच्या फळ्याचा फोटो पाठवला: ‘दर रविवारी व्याख्यान. वक्त्या: सत्यभामाकाकू. तंत्रसहाय्य: डॉ. बलभीम सर.’

मी अरफातला लिहिलं, की ‘तंत्रसहाय्य’ हा शब्द माझ्या बाबतीत थोडा जास्त होत नाही का?

त्यानं लगेच पुसला.