पुन्हा पहिल्यापासून

पास्कू अंकल माउथ ऑर्गन वाजवायला कोट आणि टाय घालून बसत, तेही स्वतःच्याच ओटीवर. मालाडच्या आमच्या गावठाणात उन्हाळ्यात सगळे बनियनवर असत, तेव्हाही. समोर श्रोता मी एकटाच असलो तरी आधी वाकून नमस्कार करत.

वाजवताना कुणी बोललं, खोकलं, शेंग फोडली, की ते थांबत. रुमालाने वाद्य पुसत आणि म्हणत, "पुन्हा पहिल्यापासून." एकदा एका कोंबडीपायी त्यांनी तीच रचना चार वेळा सुरू केली होती. रचना वीस मिनिटांची, मूळ व्हायोलिनसाठी लिहिलेली.

गोदीतून निवृत्त झालेला हा एकटा माणूस मला का आवडायचा, ते नीट सांगता येत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वर्गात मलाही आपण भलत्या जागी बसलोय असं वाटे. बहुधा त्यामुळे असेल.

अक्षर बरं म्हणून गावठाणातल्या क्लबच्या संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिका हाताने लिहायचं काम माझ्याकडे आलं. सेक्रेटरी सामंत म्हणाले, "पास्कूला मुलांच्या गमतीजमतीत टाक. जादूच्या खेळानंतर."

मी भीत भीत अंकलना सांगितलं.

"व्हायोलिनवाला कुठे आहे?"

"मुख्य कार्यक्रमात."

"मग मी त्याच्या खाली. खिशात मावतं म्हणून खेळणं होतं काय रे? सामंताला सांग, तुझं घड्याळपण खिशातच मावतं."

एवढं सांगायचं धैर्य मला नव्हतं. मी फक्त व्हायोलिनच्या खाली, माउथ ऑर्गनचं भारदस्त नाव वापरून, लिहिलं, 'हार्मोनिका, एकलवादन: श्री. पास्कल'. सामंतांनी वाचलं तेव्हा पत्रिका वाटून झाल्या होत्या.

संमेलनाच्या दिवशी अंकलनी सुरुवात केली, तोच मागून कुणी ओरडलं, "अंकल, सिनेमाचं लावा ना."

वाद्य पुसलं. पुन्हा पहिल्यापासून.

मग शिट्टी झाली. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा सामंतच घड्याळ काढून "आटपा" म्हणाले. पुन्हा पहिल्यापासून.

घरी जेवायला जायचं तर गप्प बसण्यावाचून इलाज नाही, हे मग लोकांच्या लक्षात आलं. पुढची वीस मिनिटं हॉलमध्ये कुणी हललं नाही. शेवटी टाळ्या झाल्या. त्यात कौतुकाच्या किती आणि सुटकेच्या किती, मला सांगता येणार नाही. अंकलनी सगळ्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सहा पत्रिका मागितल्या. "नातेवाइकांना पाठवायच्यात." मी सहाही लिहून दिल्या.

दोनेक महिन्यांनी त्यांच्या आतल्या खोलीत गेलो. भिंतीवर सहाच्या सहा पत्रिका ओळीने चिकटवलेल्या होत्या.

"पाठवल्या नाहीत?"

"पत्ते शोधतोय," ते म्हणाले आणि टाय बांधू लागले. "बस."

मी बसलो. त्यांनी वाजवायला घेतलं. रचना अगदी संपत आली तेव्हा मी खोकलो. मला खोकला झालेला नव्हता.

अंकलनी डोळे वटारले, रुमाल काढला.

"पुन्हा पहिल्यापासून," ते म्हणाले. राग मात्र त्यांना नीट जमला नाही.