पुरुष स्नेह पंधरवडा

कार्यालयातले पुरुष एकमेकांना घाबरेनासे झाले आहेत, ही गंभीर बाब वरिष्ठांच्या निदर्शनास आली. टंकलेखकाला रोज पाच वाजता त्याचा जोडीदार न्यायला येई, फाटकातच त्याला मिठी मारी, आणि कोणी साधं खाकरतसुद्धा नसे! तरुण कारकून गळ्यात गळे घालून चहाला जात. हे सगळं विनापरवाना. सबब 'पुरुष स्नेह पंधरवडा' जाहीर झाला. प्रत्येक पुरुष कर्मचाऱ्यानं रोज पाच मिठ्या माराव्यात, अवधी तीन सेकंद, पाठीवर तीन थापा, नोंदवहीत दोघांच्या सह्या.

हेडक्लार्कनी हुकूम दोनदा वाचला. 'लोक काय म्हणतील' या धाकापायी त्यांनी उभ्या जन्मात कुणा पुरुषाला मिठी मारली नव्हती. मारायची मात्र होती एकाला, भांडारपालांना. अठ्ठावीस वर्षं दोघं एका डब्यातून जेवले, आणि आता भांडारपालांची पार राज्याच्या दुसऱ्या टोकाला बदली झाली होती.

"आता तर हुकूमच आहे," हेडक्लार्क स्वतःला म्हणाले, "कोणाच्या बापाची भीती?"

पण आधी हात बसायला हवा. त्यांनी लेखापालांना मिठी मारली, शिपायाला मारली, चौकशीला आलेल्या एका गृहस्थांना तर ते नको नको म्हणत असताना दोनदा मारली. उद्दिष्टाच्या एकशे चाळीस टक्के! प्रशस्तिपत्रक मिळालं. भांडारपालांची मिठी तेवढी त्यांनी निरोपाच्या दिवसासाठी राखून ठेवली.

निरोपाचा दिवस नेमका सोळावा निघाला.

फाटकाशी भांडारपाल पिशवी घेऊन उभे राहिले. डोळे भरलेले. "येऊ मग?"

"थांब रे! मुदतवाढीचा अर्ज टाकलाय."

टंकलेखक जोडीदाराच्या मिठीतूनच म्हणाला, "काका, मारा की! आता कोण काय म्हणतंय?"

"तेच तर!" हेडक्लार्क कळवळले. "लोक बोलतील म्हणून इतकी वर्षं नाही मारली. हुकूम होता म्हणून पंधरा दिवस मारली. नुसता आवडतो म्हणून कशी मारायची?"

भांडारपालांनी पिशवी खाली टाकली आणि त्यांना कवटाळलं. हेडक्लार्कचा हात सवयीनं चालला. एक, दोन, तीन. थापा संपल्या, ते बाजूला झाले. भांडारपालांचे हात अजून तसेच पसरलेले होते.

हसू नका. जिवलग मित्र भेटला की तुम्हीही थापाच मारता. मोजून बघा, तीनच भरतील.