गाडीचा खांदा

वाहनांचे मुळात दोनच प्रकार असतात. एक, जे माणसाची सेवा करतं. आणि दुसरं, ज्याची सेवा माणसाला करावी लागते. पहिलं लोक वापरतात आणि विसरतात. दुसऱ्याला समाजात मान असतो आणि त्यातला थोडाफार मालकाच्याही वाट्याला येतो. १९८८ साली आदिलाबाद जिल्ह्याच्या आमच्या भागात दुसऱ्या प्रकारचं वाहन एकच होतं (जावई वगळून), आणि ते भीमपूरच्या रस्त्यावर करंजवाड्यात, उत्तमरावांच्या किराणा दुकानापुढे ताडपत्रीखाली उभं असे.

उत्तमराव खरं तर हैद्राबादला जुनी जीप आणायला गेले होते. जीप पसंत पडली, सौदा होत आला, तेवढ्यात मालकाच्या गॅरेजात मागच्या बाजूला एक लाल विलायती गाडी दिसली. दोनच दारं, दोनच सीटा, पोट जमिनीला टेकेल इतकी बसकी, आणि नाक एवढं लांब की गाडी जागेवरून न हलताच अर्ध्या वाटेवर पोचलेली असे. उत्तमरावांनी सहज विचारलं, "और ये?" मालक जुन्या घराण्यातले. त्यांनी उत्तमरावांच्या चपलांकडे पाहिलं, पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं आणि अत्यंत सौजन्याने म्हणाले, "छोड़िए सेठ, ये हर किसी के बस की नहीं."

जीप तिथेच राहिली.

गाडीसोबत मिळालेलं सामान म्हणजे एवढं एक वाक्य (हातब्रेक आधीच निकामी होता, स्टेपनी सापडली नाही). पण उत्तमरावांना ते पुरेसं होतं. गाडी बंद पडली की त्यांना राग येत नसे, आतून बरंच वाटे. रोज गुमान चालणारी गाडी काय, कुणीही चालवील. ही तशी नव्हती, याचा पुरावा ती जवळपास रोज देत असे.

गाडीचं इंजिन दोनशे घोड्यांचं होतं आणि ते घोडे हळू हाकले की रुसत. आदिलाबादच्या मिस्त्रीने बॉनेट उघडून स्पष्ट सांगितलं होतं, "इसको दौड़ाना पड़ता सेठ. धीरे चलाए तो पलग में काजल बैठता." म्हणजे प्लगवर काजळी धरून गाडी थांबू नये असं वाटत असेल तर ती जोरात चालवली पाहिजे, जोरात चालवायची तर रस्ता पाहिजे, आणि रस्ता पाहिजे तर तो करंजवाड्यात नसून नागपूर-हैद्राबाद हमरस्त्यावर होता, जिथे पोचेपर्यंत गाडी हळूच चालवावी लागे. त्यामुळे ती पोचत नसे. यात दोष ना गाडीचा होता, ना रस्त्याचा, ना उत्तमरावांचा.

गाडी बाहेर काढण्याची कार्यपद्धती यथावकाश ठरून गेली. आधी रस्त्याचा मुआयना: दुकानातल्या नागोरावांनी सायकलवर पुढे जाऊन गोटे बाजूला करायचे. मग मारुतीपुढच्या गतिरोधकावर फळ्या अंथरायच्या, कारण एकदा गाडीचं पोट त्यावर टेकलं होतं आणि मागची चाकं जागच्या जागी फिरत राहिली होती (भाविकांनी दर्शन घेतलं). त्यानंतर शेजारच्या चंपतरावांची बैलजोडी दोरासकट हमरस्त्याच्या फाट्याच्या वाटेवर आधीच नेऊन उभी करायची, म्हणजे गाडी बंद पडल्यावर धावाधाव नको. आणि सर्वात शेवटी मालकाने आत बसायचं. आत आधी पाय घालावे की डोकं, यावर गावात दोन मतं होती.

दोनशे घोडे आणि दोन बैल मिळून गाडीची शक्ती पूर्ण होई. घोडे जाताना उपयोगी पडत, बैल येताना. काट्याच्या तबकडीवर दोनशेचाळीसपर्यंत आकडे होते, पण परतीचा वेग चंपतरावांच्या मनावर असे. गावातल्या निम्म्या लोकांच्या मते गाडी झकास होती. उरलेल्या निम्म्यांच्या मते बैल झकास होते (उरलेले निम्मे म्हणजे चंपतराव). बैल कधी बंद पडले नाहीत, त्यामुळे त्यांचं कौतुक करायला कुणी जमत नसे.

दुसरी सीट मात्र रिकामी होती. आणि मनातलं सांगायचं तर उत्तमरावांनी गाडी त्या सीटसाठीच घेतली होती. लग्नापासून रुख्मिणीबाई त्यांच्या मागे बसत आल्या होत्या: बैलगाडीत गाठोड्यांमध्ये, मोटारसायकलवर पाठीमागे, आणि एसटीत तर बायकांच्या बाकावर, तोंड दुसरीकडे. बायको शेजारी बसली आहे आणि आपण दोघं एकाच काचेतून रस्ता बघतो आहोत, असं त्यांच्या संसारात कधी घडलंच नव्हतं (लग्नात शेजारी बसल्या होत्या, पण तेव्हा दोघांच्याही डोळ्यांपुढे मुंडावळ्या होत्या). मोठी मेहुणी मथुराबाई निर्मलला राहायची. तिच्या दारापर्यंत असं दोघांनी जायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

रुख्मिणीबाईंची एक अट होती. "बैलाच्या मांगं येते ते बंडीच हाय," त्या म्हणाल्या (बंडी म्हणजे आमच्याकडे बैलगाडी). "बंडीत मी लय बसली. ज्या दिवशी हे बैल न लावता घरी येईल ना, त्या दिवशी बसीन."

उत्तमरावांना हे लागलं. त्यानंतर गाडी पुसताना ते दुसरी सीट जास्त वेळ पुसत.

असं करता करता पोळा आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले खांदे गरम पाण्याने शेकायचे, त्यांना हळद-लोणी चोळायचं आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. उत्तमरावांचे वडील अमृतराव ओट्यावर बसून हे सगळं पाहत होते. त्यांची नजर ताडपत्रीवर गेली.

"तिचा खांदा काऊन नाई शेकत?"

"बाबा, गाडीले खांदा नसते."

"खांदा नाई, त वझं कशावर घेते?"

कंदील आणून शोध घेण्यात आला. बॉनेट, दारं, छप्पर, कुठेच वापराची खूण दिसेना. शेवटी अमृतरावांनी चाकाच्या फटीतून आत पाहिलं. तिथे एक लोखंडी ताट होतं, घासून घासून चकचकीत झालेलं. जिथे घासतं तिथे खांदा, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. चारही चाकांमागे तेच निघालं. रुख्मिणीबाईंनी घरचं लोणी दिलं, हात आखडला नाही. उत्तमरावांनी स्वतः बोटं घालून ते नीट चोळलं आणि गाडीच्या आरशाशी वाकून आवतण दिलं.

ते ताट गाडी थांबवण्याच्या कामी येतं हे करंजवाड्यात कुणाला माहीत नव्हतं. माहीत असण्याचं कारणही नव्हतं. गाडी थांबवण्यासाठी ब्रेक दाबावा लागेल असा प्रसंग आजवर आलाच नव्हता.

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, मग घराला आग लागलेली असो. म्हणजे त्या दिवशी गाडी एकतर आपल्या पायांनी येणार किंवा बंद पडून रस्त्यावर राहणार. रुख्मिणीबाईंची अट खरी कसोटीला लागण्याचा वर्षातला हा एकच दिवस होता, आणि हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

"आज जाऊन पाहा," त्या म्हणाल्या आणि बैलांच्या पूजेचं ताट करायला आत गेल्या.

पावसाने उघाड दिली होती. सगळं गाव धुतलेले बैल सजवण्यात गुंतलं होतं, रस्ता मोकळा होता. फळ्यांवरून मारुती ओलांडून उत्तमराव निघाले. पहिल्या वळणाला त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडीने त्याची दखल घेतली नाही. दुसऱ्या वळणालाही घेतली नाही. ॲक्सिलरेटर सोडावा तर गाडी वाटेतच बंद पडणार, आणि आज बैल नव्हते. वेग कमी होत नव्हता, त्यामुळे काजळी धरत नव्हती. काजळी धरत नव्हती, त्यामुळे वेग वाढत होता. कुठल्याही मिस्त्रीला जे जमलं नव्हतं ते लोण्याने केलं होतं. गाडी पहिल्यांदाच, तिच्या कारखान्यात ठरवली होती तशी चालत होती.

वाटेत आदिलाबादची लाल एसटी लागली. या एसटीने उत्तमरावांना जन्मभर धूळ चारली होती. ती मागे पडली तेव्हा त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण ते देवाचं नाव घेत होते. फाट्याजवळ कापूस खरेदीचं मुरमाचं आवार हंगाम नसल्याने रिकामं होतं. त्यात त्यांनी सबंध आवाराएवढा एक गोल घेतला आणि गाडी परत गावाकडे वळवली. वळवली असं म्हणणं हा मालकाला दिलेला मान झाला.

करंजवाडा दिसू लागला तेव्हा बैल तोरणाखाली येऊन उभे होते. शिंगं रंगवलेली, अंगावर झुली. पुढे बायका आरत्या घेऊन, आणि त्यांच्याही पुढे, रस्त्याच्या मधोमध, ताट हातात धरून रुख्मिणीबाई. गाडी बैल न लावता येते आहे हे त्यांनी पाहिलं आणि पदर सावरला. उत्तमराव खरोखर घाबरले. त्यांनी हॉर्न दाबला. तो विलायती होता, सनईसारखा लांब वाजे. लोकांना वाटलं, वाजंत्री सुरू झाली, आणि कुणीही हललं नाही. गाडीची, मानाची, शेजारच्या सीटची सगळी हौस त्या क्षणी उत्तमरावांच्या मनातून गेली. ही एक बाई वाचावी, एवढंच उरलं.

वाचवलं ते रस्त्याकडेला राहणाऱ्या सोजरबाईच्या मुगाने. गाडी गेल्यावर, उघाड पाहून तिने मुगाची झाडं शेंगांसकट डांबरी रस्त्यावर चांगली ढोपरभर अंथरली होती. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या फुकट मळणी करून देतात. लाल गाडी नाकापासून त्यात शिरली. उंच गाडी वरून निघून गेली असती. ही पोटावर घसरत, मूग पुढे लोटत, तोरणाच्या अलीकडे येऊन अलगद रुतली. इतकी बसकी गाडी घेण्याचा फायदा तेव्हा सर्वांना समजला.

सोजरबाई पुढे आली. तिने दोन शेंगा उचलून पाहिल्या. "मळणी चांगली झाली," ती म्हणाली. "पर आता हे उचला."

गाडी उचलायची कशी, यावर बैठक बसली. चंपतरावांनी आधीच सांगून टाकलं, "आज जू नाई." रुख्मिणीबाईंनी ताट सोजरबाईच्या हातात दिलं, मूग तुडवत आल्या, दार उघडून आत बसल्या आणि मांडीवर हात ठेवून समोरच्या काचेतून पाहू लागल्या.

"लय जोरात आले तुमी."

"ब्रेक लागत नव्हते," उत्तमराव म्हणाले.

"मंग चांगली चालते की."

गाडी काही केल्या चालू होईना. तेव्हा गावातल्या धडधाकट माणसांनी दोर खांद्यावर घेतला आणि ती घरापर्यंत ओढत नेली. तोरणाखालून जाताना झुली पांघरलेले बैल बाजूला उभे राहून पाहत होते. रुख्मिणीबाई उतरल्या नाहीत. बैल लावले नव्हते, अट पूर्ण झाली होती. उत्तमरावांनी स्टेअरिंग धरलं होतं आणि आयुष्यात इतका आनंद त्यांना कधी झाला नव्हता.

रात्री ओढणाऱ्यांचे खांदे लाल झाले. उरलेलं हळद-लोणी कामी आलं. अमृतराव ओट्यावरून म्हणाले, "गाडीचा खांदा कुठं असते ते आता समजलं."

पुढे गाडी पुष्कळदा निघाली, निर्मलच्या रस्त्यालाही लागली, आणि ओढूनच परत आली. चंपतरावांनी मात्र बैल देणं बंद केलं. दोराला हात लावायला नवा माणूस आला की ते त्याला आपादमस्तक न्याहाळत आणि सावकाश म्हणत, "राहू दे बाबा, हे सगळ्यालेच नाई जमत." तेव्हापासून दोराला माणसांची कधी कमतरता पडली नाही.

वाचकांना हसू आलं असेल तर हरकत नाही. फक्त आज निजण्याआधी त्यांनी आपल्या खांद्यावरून एकदा हात फिरवावा. घट्टा लागला, तर तुम्हाला जमणार नाही असं कोण म्हणालं होतं ते आठवून पाहावं. लोणी आणि हळद घरात असतेच.