क्वालिटी पास कुत्री

मी नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. माझ्या शिक्क्यानं बाहेर पडलेला नट आजवर परत आलेला नाही! हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे जे झालं त्यात माझी अक्कल कमी पडली असा कुणी गैरसमज करून घेऊ नये.

मागच्या धोंड्याच्या महिन्यातली गोष्ट. जावई म्हणून सासरी जेवायला गेलो होतो. सासर नांदगाव तालुक्यात, मळ्यातच घर. पाटाभोवती रांगोळी, ताटात पुरणाचे धोंडे, बाजूला माझ्यासाठी आणलेलं चांदीचं निरांजन. सासूबाई, म्हणजे नवसामामी, तुपाची धार काही केल्या थांबवत नव्हत्या. सगळं कसं जावयाला शोभेल असं चाललं होतं. फक्त सासरे, चिमाजीमामा, तोंड पाडून बसले होते.

"मामा, काय झालं?"

"डुकरं," मामा म्हणाले. "रानडुकरं वो. दीड एकर मका हाय. कनसं भरली का येत्यात आन् लोळून लोळून पार भुईसपाट करत्यात. पुढल्या सालाला झटका मशीन बसवून टाकतो म्हन्तो."

झटका मशीन म्हणजे शेताभोवती तार आणि तारेत बॅटरीचा करंट. जनावर शिवलं की चटका बसतो आणि ते मागे फिरतं. साधा, सोपा, चालणारा उपाय. मी तिथेच "हो, बसवा" म्हणून पुढचा धोंडा घेतला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती!

पण पोटात पुरण होतं आणि समोर सगळं सासर कान देऊन ऐकत होतं.

"झटका मशीन कशाला? कुत्री पाळा!"

"दाजी, कुत्री हायेत की," माझा मेहुणा गोरक्ष म्हणाला. "डुकरं आली का ती आमच्या आधी घरात घुसत्यात."

"अरे, ती कुठली पण कुत्री! मी ब्रीडबद्दल बोलतोय. वेग एकीचा, जबडा दुसऱ्याचा. क्रॉस करायचा. शिकारी कुत्रं डिझाइन करून काढायचं! मारायचं नाही हं डुकराला, वनखात्याची भानगड नको. फक्त असं पिटाळायचं की पुन्हा या शिवारात तोंड दाखवणार नाही!"

माझी बायको तेजस्विनी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, आपल्याकडं झुरळ निघालं तर तुम्ही स्टुलावर चढता."

मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मामांनी डोक्यावरची टोपी नीट केली. मग म्हणाले, "तुम्ही म्हन्ता तर मशीन राहू देतो. पुढल्या मक्याला कुत्री तयार व्हतील ना पन?"

"मामा, माझा शब्द!"

झालं. दीड एकर मका माझ्या शब्दावर उभा राहिला.

नाशिकला परत आल्यावर मी कामाला लागलो. रीतसर तक्ता केला. वेग, नाक, जबडा, हिंमत, प्रत्येकाला दहापैकी गुण. आईच्या जागेसाठी कारवानी कुत्री पास झाली. लांब पाय, कंबर एवढीशी, धावायला लागली की फक्त धूळ दिसते. नगरकडच्या ओळखीच्या मेंढपाळाकडून एक मिळाली. तिचं नाव हरणी. तिला नेऊन मामांच्या मळ्यात ठेवली.

बापाच्या जागेसाठी हवा होता रॉटवायलर. तो सापडला गंगापूर रोडला, ज्योत्स्नाताई नावाच्या बाईंच्या बंगल्यात. नाव ब्रूनो. डोकं तर पाट्याएवढं! मी हरणीचा फोटो घेऊन गेलो. ताईंनी चष्मा लावला, फोटो जवळ धरला, लांब धरला.

"बारीक आहे हो फार. काय करते?"

"धावते."

"स्वभाव?"

"शांत. मोठ्यांना उलटून भुंकत नाही."

"आमच्या ब्रूनोला एसीशिवाय झोप येत नाही. चालेल तिला?"

"गावाकडची आहे, ताई. सांभाळून घेईल."

ताईंनी लसीचे कागद तपासले आणि स्थळ पसंत केलं. हरणी निघाली तेव्हा मामींनी तिला कुंकू लावलं आणि डोळ्याला पदर लावला. गोरक्षनं जीपमध्ये सनई लावली होती. हसायचं ते हसा म्हटलं, निकाल लागल्यावर बोलू!

निकाल दोन-अडीच महिन्यांनी लागला. गोरक्षचा फोन आला, "दाजी, चार झाली!"

मागून मामींनी फोन ओढून घेतला. "पाव्हणं, चार! आन् आज वार कोनता?"

"गुरुवार."

"मंग! दत्तगुरूंच्या पायाशी कुत्री किती असत्यात?"

"चार."

"चारच!" मामी म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.

मी फोनवर हसलो. खरं म्हणजे त्याच दिवशी एसटी पकडून पिल्लं उचलून आणायला हवी होती. पण वर्षअखेरचं ऑडिट होतं, मग पुतण्याचं लग्न होतं. मी नाशिकहून फोनवर चौकशी करायचो, "वाढतायत ना?" आणि गोरक्ष सांगायचा, "लय वाढत्यात! तुम्ही याच एकदा."

पोरं सहा महिन्यांची झाली तेव्हा गेलो. पिशवीत मटणवाल्याकडची हाडं आणि दुसऱ्या पिशवीत सरावासाठी पोत्याचं डुक्कर. डुकराला मी स्वतःच्या हातानं शेपूट शिवलं होतं.

अंगणात पाऊल टाकलं आणि थबकलो. चारही कुत्री ओळीनं बसली होती. कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूची माळ! समोर वस्तीवरच्या पाच-सहा बाया ताटं घेऊन उभ्या. एकेक बाई पुढे यायची, टिळा लावायची, पुरणपोळीचा घास भरवायची. कुत्रं घास गिळायचं आणि पुढच्या बाईसाठी कपाळ वर करायचं.

"ह्यो ऋग्या, ह्यो यज्या, ह्यो साम्या आन् त्यो कडंचा आथर्या," मामींनी ओळख करून दिली. "चार वेद हायेत ते. तुमच्या पिशवीत काय हाय?"

"हाडं. त्यांना रक्ताची चटक लागायला पाहिजे ना..."

मामींनी दोन्ही कानांना हात लावले. "पाव्हणं! दत्ताच्या कुत्र्यांना हाडूक? दूध-भाकर खात्यात ती. बेस्तरवारी पुरणपोळी. चतुर्थीला उपास!"

"उपास?"

"साबुदाना देतो की."

मी नीट निरखून पाहिलं. मी मागितला होता आईचा वेग आणि बापाचा जबडा. निघाला होता बापाचा वेग आणि आईचं निमुळतं तोंड! त्यात पुरणपोळी. आथर्या तर बसल्या जागेवरून उठताना दोनदा विचार करायचा. कारखान्यात असा लॉट आला असता तर मी गेटवरूनच परत पाठवला असता. पण कुत्र्यांना परत पाठवायची सोय नसते.

तरी मी हार मानली नाही. मळ्यात नेऊन पोत्याचं डुक्कर ठेवलं आणि ओरडलो, "छूऽऽ! पकड!"

चौघं डुलत डुलत गेली. डुकराला हुंगलं. मग त्याच्यासमोर ओळीनं बसली आणि कपाळं वर केली.

"दाजी," गोरक्ष म्हणाला, "पोत्याच्या हातात हळदकुंकू देऊ का?"

दिवसभर ओरडून माझा घसा बसला. संध्याकाळी मामा बांधावर आले. मका गुडघ्याएवढा झाला होता, हिरवागार. मामांनी मक्याच्या एका ताटाच्या पानावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "जमंल ना पाव्हणं? झटका मशीनवाला कालच इचारून गेला. नको म्हनलं त्याला. म्हनलं, जावयाचा शब्द हाय."

तेव्हा खरं सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं! पण गोरक्ष शेजारी दात काढून उभा होता.

"शंभर टक्के, मामा! माल पास आहे."

आयुष्यात पहिल्यांदा मी खराब मालावर शिक्का मारला. परतीच्या एसटीत मला खिडकीबाहेर बघवेना. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मकाच मका होता.

भाद्रपदात फोन आला. यावेळी गोरक्ष हसत नव्हता. "दाजी, कनसं भरली. काल डुकरांनी कडंच्या चार वळी लोळवल्या. आमचं वडील जेवलं नाय. तुम्ही या."

मी रजा टाकून पोचलो. मामींनी सगळ्या साड्या बांधाला बांधल्या होत्या, डुकरं रंगाला बिचकतात म्हणून. त्यात तेजस्विनीची लग्नातली साडीही फडफडत होती!

सकाळी उजाडता उजाडता आम्ही मळ्यात गेलो. मी पुढे, हातात काठी. मागे हरणी आणि तिची चार पोरं. त्यामागे मामा. सगळ्यांच्या मागे गोरक्ष मोबाइल धरून. "स्टेटसला टाकतो, दाजी. हिकडं बघा!"

मक्यात खसफस झाली. ताटं हलली. आणि बांधावर ते आलं!

मी चित्रात डुक्कर पाहिलं होतं. हे चित्रात मावलं नसतं! मानेवर राठ केस, तोंडाबाहेर सुळे. मागे एक मादी आणि पाच-सहा पिल्लं. मी काठी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"हरणीऽ, छूऽ!" मी ओरडलो.

हरणी सुटली. काय तो वेग! डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ती घरी पोचली.

राहिली चार. ती मात्र पळाली नाहीत, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगेन. ती शांतपणे चालत डुकरापर्यंत गेली. त्याच्यापुढे ओळीनं बसली. ऋग्या, यज्या, साम्या, आथर्या. आणि चौघांनी कपाळं वर केली.

डुक्कर गोंधळलं. त्यानं ऋग्याकडे बघितलं, यज्याकडे बघितलं. त्याला आजवर असं कुणी भेटलं नसावं. मग कुणावर तरी राग काढायचा म्हणून त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून निघालं!

काठी कुठे पडली मला ठाऊक नाही. मी पळायला वळलो, तर पाय तेजस्विनीच्या लग्नातल्या साडीत अडकला आणि मी बांधावर आडवा! तेव्हा माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मी याआधी कधी काढला नव्हता. "आऽऽईऽऽ गंऽऽऽ! तेजूऽऽऽ! मेलोऽऽऽ!" सुरुवात भोंग्यासारखी आणि शेवट चाकाला तेल नसलेल्या गाडीसारखा. तो थांबेचना! श्वास घ्यायला थांबावं आणि पुन्हा तोच.

बऱ्याच वेळानं डोळे उघडले. वर आकाश होतं. डुक्कर नव्हतं.

"गेलं," मामा म्हणाले.

"कुठं?"

"वढ्यापल्याड. पिल्लांसकट गेलं. मादी तर दोनदा पडली."

मी उठून बसलो. लाज वाटत होती, अंगाला चिखल होता, आणि साडी कमरेला गुंडाळलेली होती. "मामा, माफ करा," मी म्हणालो. "माल फेल आहे. मला ठाऊक होतं. मी तुम्हाला फसवलं."

इतक्यात गोरक्षनं बघू तरी म्हणून मोबाइल लावला आणि माझी आरोळी पुन्हा शिवारात घुमली. ओढ्याकाठच्या झुडपात दडलेली आणखी दोन डुकरं ताडकन उठली आणि डोंगराकडे पळत सुटली!

मामा मोबाइलकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आलं. "गोरक्षा, तुझ्या भाजीच्या गाडीवरचा भोंगा आन रं."

त्या वर्षी मका वाचला. कडेच्या चार ओळी सोडल्या तर एक ताट आडवं झालं नाही. सकाळ-संध्याकाळ बांधावरचा भोंगा बोंबलायचा, "तेजूऽऽऽ! मेलोऽऽऽ!" आणि बायकोला माहेरी जायची चोरी झाली. शेजारच्या मळेकऱ्यांनी रेकॉर्डिंग मागून नेलं. आता म्हणे ते पार मालेगावच्या अलीकडच्या गावांतही वाजतं. कारखान्यातल्या तिकडच्या एका पोरानं मलाच ऐकवलं. "साहेब, डुकरांवर एक नंबर चालतं! कोण बिचारा ओरडलाय कुणास ठाऊक."

"असेल कुणी," मी म्हणालो.

चारही कुत्री मजेत आहेत. गुरुवारी रांग आता दारापर्यंत जाते.

यंदा पुन्हा धोंड्याचा महिना आला. सासरचं मानाचं बोलावणं आलं. पाट, रांगोळी, धोंडे, तुपाची धार, सगळं तसंच. ताटाशेजारी झाकलेली वाटी होती. चांदीची असणार म्हणून मी हळूच झाकण उचललं. आत ज्येष्ठमध आणि खडीसाखर!

"मामी, हे काय?"

"घ्या पाव्हणं, गळ्याला बरं असतं," मामी मायेनं म्हणाल्या.

मामांनी घसा खाकरला. "त्याचं काय हाय, डुकरं आता जुन्या आवाजाला सरावली. यंदा नवीन भरावा लागंल."

गोरक्षनं मोबाइल पुसून खिशात घातला आणि दाराबाहेर बघत म्हणाला, "सावकाश जेवा, दाजी. डुक्कर मळ्यातच हाय."