नळाजवळच्या बाकावरील नाट्यमहोत्सव

मोकळी जागा फार दिवस मोकळी ठेवली, तर माणसे तिच्यात येऊन बसतात. शहरांचा ऱ्हास इथूनच सुरू होतो. आज नुसती बसतात, उद्या गप्पा मारतात, परवा त्यांना बरे वाटू लागते. आणि नागरिकाला एकदा का फुकटात बरे वाटू लागले, की त्याला आवर घालणे कोणत्याही प्रशासनाच्या हातात राहत नाही. हे ओळखून आमच्या शहराने सर्व बागा, मैदाने आणि पुलाखालच्या उरलेल्या जागा एका खात्याच्या ताब्यात दिल्या. मी त्या खात्यात आहे. काम एकच: मोकळ्या जागेत जे जे घडेल, ते ते कार्यक्रम म्हणूनच घडेल याची काळजी घेणे.

कार्यक्रम कशाला म्हणावे, यावर आमच्याकडे बराच विचार झालेला आहे. (विचाराला तीन बैठका लागल्या. पहिल्या दोन चहा न आल्यामुळे तहकूब झाल्या.) नियम साधा आहे: कोणी काही करीत असेल आणि दुसरा कोणी थांबून बघत असेल, तर तो कार्यक्रम होय. थांबून बघणारा नसेल, तर ते नुसते जगणे आहे, आणि ते आमच्या अखत्यारीत येत नाही. नियम लागू झाल्यावर पहिल्याच वर्षी शहराच्या सांस्कृतिक जीवनाला बहर आला. हरवलेल्या कुत्र्याला हाका मारणारे एक गृहस्थ ‘गायन, विनापरवाना’ या सदरात सापडले. एका बाळाने पहिले पाऊल टाकले, तेव्हा आई, बाप, आत्या आणि फुगेवाला असे चौघे बघत होते. ते ‘नृत्य’ धरले. बाळ दुसऱ्याच पावलाला पडल्यामुळे निम्मा आकार माफ झाला. खाते कठोर आहे, पण निर्दय नाही.

अशा सुव्यवस्थेत नळाजवळच्या बाकावर एक म्हातारा शिंपी आणि त्याची बायको दर गुरुवारी भांडायला येत. सगळी बाग त्यांना काका-काकू म्हणे. घर दोन खोल्यांचे. एकीत मुलगा आणि सून. दुसरीत नातवंडे, त्यांची दप्तरे, शिलाई मशीन आणि हे दोघे. घरी भांडावे तर सून मध्ये पडते, दोघांची समजूत घालते, आणि समजूत घातली की भांडणातला जीवच जातो. म्हणून आठवडाभर दोघे ‘बरं’, ‘हो का’ आणि ‘असू दे’ यांवर भागवत, आणि गुरुवारी बाकावर बसून साठलेले बाहेर काढत. तासाभराने काकू डोळे पुसत, काका नळावर रुमाल ओला करून आणून देत, आणि दोघे भाजी घेऊन घरी जात. त्यांच्या संसाराला तेवढीच एक खोली होती, आणि तिला भिंती नव्हत्या.

एका गुरुवारी मात्र प्रकरण हाताबाहेर गेले. (कशावरून, ते सांगतो. आधी खात्याची बाजू पुरी करू द्या.) काकू म्हणाल्या, “बास झालं. मी आपली धाकटीकडे जाऊन राहते. पुढच्या शुक्रवारी निघते, बॅग भरलीय.” धाकटी म्हणजे त्यांची बहीण, परगावी राहणारी.

“किती दिवस?” काकांनी विचारले.

“दिवस नाही. कायमची.”

काका काहीतरी बोलणार होते. तोंड उघडलेही होते. पण तोवर बाकाभोवती पंधरा-वीस माणसे जमली होती. त्यातल्या एकाने आपुलकीने विचारले, “काय झालं हो, काका?” काकांनी उघडलेले तोंड मिटले. चारचौघांत बोलायचे शब्द वेगळे असतात, आणि त्यांना बोलायचे होते ते त्यातले नव्हते.

फाटकावरचा पहारेकरी कर्तव्यदक्ष होता. त्याने रोजच्या अहवालात लिहिले: “नळाजवळच्या बाकावर म्हातारा-म्हातारीची नाटकं चाललीत. बघे पुष्कळ.”

ते वाचून आमचे मोठे साहेब खुर्चीतून उठलेच. खात्याच्या वार्षिक उद्दिष्टातला एक नाट्यमहोत्सव बाकी होता, आणि वर्ष संपत आले होते. “नाटक नाही, नाटकं!” साहेब म्हणाले. “अनेकवचन आहे!” खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी पहारेकऱ्याला बोलावून विचारले, “एकूण नाटकं कोणाची?”

“साहेब, म्हातारीची जास्त,” पहारेकऱ्याने प्रामाणिकपणे सांगितले. त्यावरून महोत्सवात महिलांचा सहभाग निम्म्याहून अधिक असल्याची नोंद झाली.

काका-काकूंना कचेरीत बोलावण्यात आले. साहेबांनी विनापरवाना प्रयोगांबद्दलचा दंड माफ केला आणि पुढचा गुरुवार, संध्याकाळी सहा, हीच जागा, असा परवाना दिला. अट एकच: संहितेच्या तीन प्रती.

“साहेब, भांडण काय आधी लिहून ठेवतात?” काका म्हणाले. “ही काय बोलेल ते मला चाळीस वर्षांत कधी आधी कळलं नाही.”

“मग निदान सारांश द्या.”

“सारांश मी देते,” काकू म्हणाल्या. “चूक यांची.”

सारांश मंजूर झाला. काकांनी जाता जाता हळूच विचारले, “साहेब, हा कार्यक्रम रद्द करून आम्हाला नुसता बाक नाही का मिळणार? तासभर. मला हिच्याशी जरा बोलायचं होतं.” साहेबांनी प्रेमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “अहो, बोला की! त्यासाठीच तर माइक देतोय.”

तयारीत खात्याने कसूर केली नाही. बाकाच्या जागी मंच आला आणि बाक मंचावर गेला. बाकाला नवा रंग दिला. (तो ओला असल्यामुळे कलाकारांना उभे राहावे लागले.) गवत तुडवले जाऊ नये म्हणून त्यावर तीनशे खुर्च्या मांडल्या. अग्निशमन दलाने आगीत कोणी तेल ओतणार नाही असे हमीपत्र मागितले. ते देता यावे म्हणून काकूंच्या नणंदेला प्रवेश नाकारला. आवाजाची चाचणी झाली, त्यात काकूंचा साधा ‘अहो’ मर्यादेबाहेर गेला, म्हणून तो वर्षातून एकदाच वापरण्याची सवलत मिळाली. दोन वाक्यांच्या मध्ये प्रायोजक असलेल्या गादीवाल्याचे नाव घ्यायचे ठरले.

गुरुवारी बाग फुलून गेली. मोठे साहेब ‘कुटुंबातील संवादाचे महत्त्व’ या विषयावर पाऊण तास बोलले. त्यांच्या शेजारी त्यांच्या सौभाग्यवती होत्या, त्यांना मध्ये एकदा पाणी हवे होते, पण ते सांगायला संधी मिळाली नाही. मग पाहुणे, मग गादीवाला. काका-काकूंच्या वाट्याला बाग बंद होण्याआधीची चार मिनिटे आली.

दोघे उजेडात उभे राहिले. काकू काही बोलेनात. काकांनी तोंड उघडले, समोरच्या तीनशे खुर्च्या पाहिल्या आणि पुन्हा मिटले. मागून ओरडा झाला, “आवाज! आवाज!” दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन बायको निघणार होती, आणि ती जाऊ नये म्हणून जे सांगायचे ते सांगायला त्यांना या शहरात हातभर जागा मिळाली नव्हती. खरे सांगतो, त्या क्षणी मला खात्याचा थोडा रागच आला. (रजेचा अर्ज देऊन मी तो नियमित करून घेतला.)

मग काकांनी माइकवर तळहात दाबून धरला, आणि बायकोच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितले. फार नाही, एखादे वाक्य असेल. हात निघाला तेव्हा माइकवर काकूंचे शेवटचे शब्द तेवढे आले: “हे आधी नाही का सांगायचं?” मग मागच्या पायऱ्यांनी उतरून दोघे भाजी घ्यायला गेले. त्यांच्या सूनबाई सांगतात, बॅग पुन्हा कपाटावर चढली.

महोत्सवानंतर आलेल्या दोनशे एक्क्याऐंशी तक्रारींत मजकूर एकच होता: म्हातारा काय बोलला ते ऐकू आले नाही. खात्याने दखल घेतली. बाकाला ‘मुक्त संवाद कट्टा’ असे नाव देऊन भोवती साखळी लावली. आगाऊ नोंदणीशिवाय तिथे बसता येत नाही. काका-काकू आता दर गुरुवारी आमच्या कचेरीत येतात, टोकन घेतात आणि खिडकी क्रमांक चारसमोरच्या बाकड्यावर बसून तासभर मनसोक्त भांडतात. तिथे कोणी कोणाकडे बघत नाही आणि कोणी कोणाचे ऐकत नाही. शहरातली एवढी एकच मोकळी जागा आम्ही आजवर जपली आहे.

राहता राहिले, भांडण कशावरून होते आणि काका काय म्हणाले. मला दोन्ही ठाऊक आहे. मी मंचाखाली वायर धरून बसलो होतो. पण तुम्ही जरा नियम आठवा. त्या पहिल्या गुरुवारी येणारे-जाणारे थांबले नसते, तर तो कार्यक्रम झाला नसता, आणि नळाजवळचा बाक अजून त्या दोघांचा असता. तुम्ही तर थांबलातच, शिवाय उत्तराच्या आशेने इथवर आलात. तेव्हा सरका जरा पुढे. तुमच्या मागेही माणसे उभी आहेत, आणि त्यांना दिसत नाहीये.