एक गिअर पुढे, तीन मागे

मंगळवारी डॉक्टरांनी सांगितलं की शालूला दर सोमवारी दवाखान्यात आणावं लागेल, पोटात साठणारं पाणी काढायला. बुधवारी भिला आप्पांनी आपल्या गाडीचं इंजिन उतरवलं.

शालू माझी बायको. भिला आप्पा आमचे शेजारी. आणि त्यांची ती जुनी पिकअप म्हणजे सुरतेच्या नवागामातल्या आमच्या गल्लीत माणसाला निजवून नेता येईल अशी एकुलती एक गाडी. ‘बसवून आणू नका, निजवून आणा,’ असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मंगळवारी संध्याकाळी मी हे सगळं आप्पांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ‘सोमवारी सात वाजता’ एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून परत आलो, तर गाडीचं इंजिन निंबाच्या फांदीला साखळीने टांगलेलं होतं.

आप्पा मूळचे धुळ्याकडचे. सुरतेत रंगाईच्या एका कारखान्यात फिटर होते. विधुर, त्याबद्दल बोलत नसत. कमरेला हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर खोचलेला असे. त्याचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून ते आतलं बेअरिंग ऐकत. फिटर लोकांची ही रीतच आहे, पण आप्पांनी ती कारखान्यापुरती ठेवली नव्हती. ते गल्लीतली शिलाई मशिनं ऐकत, हातपंप ऐकत. आमचं भिंतीवरचं घड्याळ ऐकून ‘दिवाळीपर्यंत’ असा निकाल त्यांनी दिला होता आणि घड्याळाने धनत्रयोदशीला मान टाकली. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी वरणाचं पातेलं ऐकलं आणि आचाऱ्याला सांगितलं, तळाला लागतंय. आचारी भांडायला उठला, पण वरण लागलं होतं.

‘पयले आयका’ हे त्यांचं पालुपद. कोणी भांडत आलं तरी हेच, कोणी रडत आलं तरी हेच. माझ्या बोलण्याबद्दलही त्यांचं मत ठरलेलं होतं. ‘मास्तर, तुम्हनी मराठी इस्त्री करेल शे,’ असं ते चारचौघांत सांगत.

तर अशा माणसाने चालती गाडी मोडली होती. कारखान्याची वीज गेली की चालवायचं एक डिझेल इंजिन पूर्वीच भंगारात निघालं होतं. ते आप्पांनी मागून आणलं होतं आणि दीड वर्ष ते त्यांच्या ओट्यावर गोणपाटाखाली पडून होतं. ते आता गाडीत बसवायचं होतं. मी विचारलं, आत्ताच का? रविवारी तर गाडी वऱ्हाड घेऊन कडोदऱ्याला जाऊन आली. आप्पा म्हणाले, जुन्या इंजिनवर भरवसा नाही. यापुढे काही सांगेनात.

मला राग आला की माझा आवाज खाली जातो. मी ‘बरं’ म्हणालो आणि घरात आलो.

रोज सकाळी फळ्यावर वार लिहायचा माझा नेम होता. त्या आठवड्यात गुरुवार लिहिताना खडू मोडला. गुरुवारी आप्पांनी चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, नवे लोखंडी पाय जोडले. शुक्रवारी लक्षात आलं की इंजिनचं मोठं चाक तळाला अडतंय. आप्पांनी इंजिन खाली घेतलं, फिरवलं आणि दुसऱ्या तोंडाने बसवलं. शनिवारी कारखान्यातले तिघे फिटर येऊन ते गिअर-पेटीला जोडून गेले. शालूला बाजेवरून हे सगळं दिसे. ती म्हणायची, ‘बघा तरी, किती मन लावून करताहेत.’ मी बघत होतोच. उरलेले तास मोजत बघत होतो.

रविवारी दुपारी नारळ फुटला. आप्पांनी हँडल मारलं आणि इंजिन लागलं. गल्लीतली मांडणीवरची भांडी वाजू लागली. आप्पांनी स्क्रू-ड्रायव्हर लावून ऐकलं, समाधानाने मान हलवली, आत बसले आणि पहिला गिअर टाकला.

गाडी मागे गेली. मागे गल्लीतल्या रतिलालभाईंचं पाण्याचं पिंप होतं, ते आडवं झालं.

आप्पांनी दुसरा टाकला. गाडी आणखी जोरात मागे गेली. तिसऱ्याने ती गल्लीच्या तोंडापर्यंत पोचली. आप्पांनी ब्रेक दाबला, थोडा विचार केला आणि रिव्हर्स टाकला. गाडी शांतपणे पुढे आली.

भिजल्या धोतराने रतिलालभाई म्हणाले, ‘आप्पा, आ गाडी तो पाछी जाय छे.’

चार अनुभवी फिटरांच्या हातून हे घडलं, याचं कारण मला नंतर कळलं. कारखान्यात इंजिनवरून यंत्राला पट्टा जातो. यंत्र उलटं फिरलं, तर पट्ट्याला एक पीळ द्यायचा, की सुलटं. त्यामुळे इंजिन कुठल्या बाजूला फिरतं हा प्रश्न त्या मंडळींना जन्मात पडलेला नव्हता. आप्पांनी इंजिनचं तोंड फिरवलं तेव्हा त्याची दिशाही गाडीच्या हिशेबाने फिरली. आणि गाडीत पीळ द्यायला पट्टा नसतो.

काढून पुन्हा बसवायला दोन दिवस लागणार होते. मी आप्पांजवळ गेलो. ‘आता कसं?’ एवढंच विचारू शकलो. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

‘रिव्हर्समा जाऊत,’ ते म्हणाले. ‘सात वाजता.’

सोमवारी सातला शालूला गादीसकट गाडीत ठेवलं. मी तिच्या उशाशी बसलो. एकच गिअर, त्याचा विव्हळल्यासारखा आवाज आणि चाल सायकलपेक्षा कमी. पाळीवर निघालेले कामगार आम्हाला मागे टाकून जाताना वळून बघत. एकाने विचारलं, ‘मास्तर, वरात कोनी शे?’ शालू हसली. नऊला डॉक्टर वॉर्डातून निघून जात. माझी नजर मनगटावरून हटत नव्हती. रेल्वेचं फाटक लागलेलं होतं. सगळ्यांनी गाड्या बंद केल्या. आप्पांनी केली नाही. मालगाडी संपता संपेना. काचेतून मला आप्पांचा हात दिसत होता. गिअरच्या दांड्यावरून तो त्यांनी एकदाही उचलला नाही. काळजी इंजिनची असेल, असं मला तेव्हा वाटलं.

नऊला दहा मिनिटं असताना आम्ही पोचलो.

शालूला आत नेल्यावर आप्पा आणि मी व्हरांड्यात बसलो.  रस्त्याकडे बघत ते आपण होऊन बोलले. पाच वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, त्यांची बायको याच गाडीत होती. रस्त्यावर गुडघाभर पाणी. पेट्रोलच्या इंजिनचा ठिणगी देणारा प्लग भिजला आणि गाडी बंद पडली.

‘मी हँडल मारत ऱ्हायनू,’ आप्पा म्हणाले. ‘अर्धा तास. मांगे जाईसन तिले पाह्यनंच नही.’

आप्पांनी कमरेचा स्क्रू-ड्रायव्हर काढून मांडीवर घेतला. 

‘डिझेलले ठिणगी लागत नही, मास्तर. पानीमा भी बंद पडत नही.’

परत येतानाही तोच गिअर होता. घरी पोचल्यावर आप्पांनी शालूला सांगितलं की पुढच्या सोमवारच्या आत इंजिन सरळ करतो. शालू म्हणाली, ‘राहू द्या ना, आप्पा. या चालीने पोटात अजिबात हिसका बसत नाही.’

आप्पांनी राहू दिलं. याचा अर्थ कळायला फिटर लोकांत राहावं लागतं. ज्या माणसाचा कान सगळा कारखाना मानत होता, त्याने इंजिन उलटं बसवलं, ही गोष्ट भेस्तानच्या कारखान्यांपर्यंत गेली. नवे फिटर मुद्दाम गाडी बघायला येत. एकाने तर विचारलं की आप्पा, झोपताना पाय उशीवर ठेवता का. दोन दिवसांच्या कामात आप्पांची लाज वाचली असती. ते प्रत्येकाला एकच उत्तर देत, ‘मुद्दाम बसाडेल शे.’ कोणासाठी, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

असे तेवीस सोमवार झाले. त्यातले सात भर पावसातले होते. गाडी एकदाही बंद पडली नाही. चोविसाव्या सोमवारी न्यावं लागलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी आप्पांना म्हणालो की आता इंजिन सरळ करून घ्या. ते ‘करू’ म्हणाले. पुढली सहा वर्षं त्याच एका गिअरमध्ये ते लोकांचं सामान वाहत राहिले. मी विचारायचं सोडून दिलं.

मागच्या वर्षी आप्पा गेले, गाडी माझ्याकडे ठेवून. त्यांच्या फिटर मित्रांनी मला इंजिन फिरवून देतो म्हटलं. मी नको म्हणालो.

गाडी आता माझ्या दारात उभी असते. मला ती चालवता येत नाही.